कोंबड्या खुराड्यात झोपाव्यात म्हणून

पाटण तालुक्यात पाऊस एकदा धरला की आठवडे-आठवडे उघडीप देत नाही. अशा पावसात कोंबडी रात्रभर झाडावर भिजत बसली की तिला सर्दी धरते, घशात घरघर सुरू होते, मग तिचं खाणं तुटतं. म्हणून मृग लागायच्या आत आमच्या सगळ्या कोंबड्या खुराड्यात झोपायला लागल्या पाहिजेत, असं मी ठरवलं होतं. त्यातलं बरंचसं काम उन्हाळ्यात साधलं, पण नीट घडी बसायला पुढचा हिवाळा उलटला. काय केलं, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, ते सगळं सविस्तर लिहिते, कारण परसात कोंबड्या ठेवणाऱ्या बऱ्याच जणी मला हेच विचारतात.

आमच्याकडे तेव्हा तीन तऱ्हेच्या कोंबड्या होत्या. पहिल्या घरच्याच गावठी, आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या हाताखाली वाढलेल्या. दुसऱ्या आठवडी बाजारातून घेतलेल्या गावठी तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या वयाच्या तरुण कोंबड्या, अंगाने हलक्या आणि उडायला चपळ. तिसऱ्या गिरिराज. ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार केलेली जात, पिसं रंगीत असतात पण अंग भारी. जुन्या कोंबड्या ओसरीखालच्या दगडी खुराड्यात जायच्या. ते पूर्वीच्या पद्धतीचं, हातभर तोंडाचं आणि पुढे शिळा लावायचं. तिथं आणखी कोंबड्या मावणं शक्य नव्हतं. म्हणून गोठ्याच्या भिंतीला लागून नवं खुराडं बांधलं. खाली विटा, वर लाकडी चौकट, जाळी आणि पत्रा.

जाळी मात्र विचार करून घेतली. षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी स्वस्त मिळते, पण ती कोंबडीला आत ठेवण्यापुरतीच. कुत्र्याने दातात धरून ओढली तर फाटते आणि मुंगूस तिच्यातून वाट काढतं. आम्ही अर्ध्या इंची चौकोनी वेल्डची जाळी लावली आणि खाली फूटभर जमिनीत गाडली. आमच्याकडे रानमांजर, उदमांजर, मुंगूस सगळं आहे. कोयनेचं रान जवळ, त्यामुळे बिबट्याही अधूनमधून वस्तीकडे येतो.

खुराडं तयार झालं, पण एकीनेही त्यात पाय ठेवला नाही. संध्याकाळ झाली की बाजारच्या तलंगा शेवग्यावर चढायच्या. शेवगा भरला की राहिलेल्या गोठ्याच्या वाशांवर. त्या वाशांच्या बरोबर खाली म्हशीची गव्हाण. रात्रभराची शीट वैरणीवर पडायची आणि सकाळी म्हैस नुसता वास घेऊन तोंड फिरवायची. आमच्या ह्यांना रोज सगळी वैरण काढून टाकावी लागे, त्यामुळे कोंबड्यांचा विषय घरात तापला होता. गिरिराजला उडता येत नाही, तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एकमेकींना चिकटून जमिनीवरच बसायच्या. म्हणजे एकीकडे झाडावरून खाली आणायचं काम आणि दुसरीकडे जमिनीवरून वर बसवायचं काम.

कोंबडीने झाडावर झोपणं हा काही तिचा आडमुठेपणा नाही. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आलेली. शिवाय तिच्या पायांचा पिवळा रंग आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याकडून आला असावा, असं जनुकांच्या अभ्यासातून २००८ मध्ये पुढे आलं. हे दोन्ही पक्षी दिवसभर जमिनीवर उकरतात आणि रात्री झाडावर चढतात. अंधारात कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही, त्यामुळे उजेड आहे तोवर उंच जागा पकडायची, हे तिच्या रक्तातच आहे. ही गोष्ट नीट लक्षात घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. ती उंची शोधते आहे, तर खुराड्यात उंची दिली पाहिजे. ती उजेड असताना जागा ठरवते, तर तेवढ्या वेळेत खुराड्याच्या आतलं तिला दिसलं पाहिजे.

आत्यांनी हे त्यांच्या भाषेत पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी काठी घेऊन कोंबड्या हाकत होते, तेव्हा त्या ओसरीवरून म्हणाल्या, "अगं पोरी, हाकून कुटं कोंबडी घरात जाती व्हय? तिला तिची जागा पटाय पायजे. काठी ठेव आन् आत काय हाय ते बघ आदी."

मग आत काय आहे ते बघितलं. बसायची दांडी अंड्यांच्या खोक्यांच्या बरोबरीला होती. कोंबडी नेहमी असेल त्यातली उंच जागा धरते, त्यामुळे दांडी खोक्यांपेक्षा खाली किंवा बरोबर असली की ती खोक्यात जाऊन झोपते आणि सकाळी अंडी शिटेने बरबटतात. सुतारमामांना बोलावून खोकी जमिनीपासून फूटभरावर घेतली आणि दांड्या वर नेल्या. दांडीसाठी मामांनी लोखंडी पाइप सुचवला, टिकतो म्हणून. पण पाइप गुळगुळीत असतो, थंडीत गार पडतो, आणि भारी कोंबडीचा पाय त्यावर नीट बसत नाही. घरात जुन्या सागवानी पट्ट्या पडल्या होत्या. त्या साधारण दोन इंच रुंद ठेवून वरच्या कडा रंध्याने गोल करून घेतल्या. बसलेली कोंबडी पोटाची पिसं पायांवर पसरते, तेव्हा रुंद पट्टीवर तिची बोटं पूर्ण झाकली जातात आणि पाय उबेत राहतात. एका कोंबडीला आठ इंच जागा धरून सहा-सहा फुटांच्या दोन दांड्या पंधरा-सोळा कोंबड्यांना पुरल्या.

दांड्या एकाच उंचीवर ठेवायच्या, हे मी आग्रहाने सांगेन. एक वर आणि एक खाली ठेवली की वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी टोचाटोची होते, आणि जिला मार बसतो ती बाहेर पळून झाडाचा रस्ता धरते. गिरिराजसाठी एका बाजूला फळी तिरकी टेकवली आणि तिच्यावर बांबूच्या कामट्या आडव्या ठोकल्या. तिच्यावरून त्या पाय रोवत चढतात. अशी शिडी असली तरी भारी जातीसाठी दांडी दोन-अडीच फुटांच्या वर नको. सकाळी त्या उडी मारूनच उतरतात आणि तळपायाला मार बसून तिथं गाठ धरते, मग पू होतो.

यानंतर नव्या कोंबड्यांना खुराड्यातच कोंडून ठेवलं. साधारण आठवडा लागतो. या काळात त्यांना बाहेर काढायचं नाही, दाणा-पाणी सगळं आत. त्यांना ही जागा आपली म्हणून ओळखू यायला तेवढे दिवस हवेतच. मन घट्ट करावं लागतं, कारण त्या दिवसभर जाळीशी येरझाऱ्या घालतात आणि आपल्याला वाईट वाटतं. उन्हाचे दिवस होते, म्हणून पत्र्यावर उसाचं पाचट जाड पसरलं आणि दुपारी त्यावर पाणी मारत राहिले. पाण्याची भांडी दोन ठेवली, कारण एकाच भांड्याजवळ दांडगी कोंबडी उभी राहिली की बाकीच्या तहानलेल्या राहतात.

आठवड्यानंतर सोडायचं ते सकाळी नाही, दिवस मावळायच्या तासभर आधी. तेव्हा त्या फार लांब जात नाहीत, आणि अंधार पडायला लागला की ओळखीच्या जागेकडे वळतात. दुसऱ्या दिवशी थोडं लवकर, तिसऱ्या दिवशी आणखी लवकर, असं करत करत पूर्ण दिवसावर आणलं. संध्याकाळचा दाणा बाहेर टाकणं या काळात बंद केलं. सकाळी मूठभर मोजकंच, आणि दिवसाचं भरपेट खाणं संध्याकाळी खुराड्याच्या आत. डब्यात मक्याचा भरडा खुळखुळवत "आऽ आऽ आऽ" करून बोलवायचं. कोंबडी डब्याचा आवाज फार लवकर ओळखते, पण वेळ आणि आवाज रोज तोच हवा.

गिरिराज यानंतर सरळ झाल्या. बाजारच्या तलंगांपैकीही बऱ्याचशा आत जायला लागल्या. पण त्यांच्यातल्या तिघी-चौघी दाणा खायला आत यायच्या, खाऊन झालं की बाहेर निघायच्या आणि शेवग्यावर. त्यांच्यात तांबडी, मानेवर काळी पिसं असलेली एक होती. ती निघाली की बाकीच्या तिच्या मागे. मी काही संध्याकाळी काम बाजूला ठेवून नुसती बघत बसले. तांबडी दांडीवर चढायची, मान इकडेतिकडे करून आत बघायची आणि परत दाराकडे यायची. बाहेर अजून चांगला उजेड असायचा, आत मात्र काळोख झालेला असायचा. पत्र्याखाली, गोठ्याच्या भिंतीच्या सावलीत, बाहेरच्यापेक्षा पाव तास-अर्धा तास आधीच अंधार होतो. ज्या कोंबडीला अंधारात दिसत नाही ती उजेडातून काळोखात कशी जाईल?

तिथून खरा फरक पडला. आत वरच्या कोपऱ्यात एक लहान पिवळसर बल्ब लावला. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी तो लावायचा, म्हणजे बाहेरचा उजेड कमी होत जातो तसं खुराडं उजळ दिसायला लागतं. लाइटचा भरवसा नाही, म्हणून चार्जिंगचा दिवाही टांगून ठेवला. सगळ्या दांडीवर स्थिरावल्या की दिवा बंद. रात्रभर चालू ठेवायचा नाही. कोंबडीला झोपेसाठी पूर्ण काळोख लागतो. अंड्यांसाठी जास्त वेळ उजेड द्यायचाच असेल तर तो दिवसाच्या उजेडासकट चौदा ते सोळा तासांच्या हिशोबात, आणि शक्यतो पहाटे. आणखी एक लक्षात ठेवायचं, कोंबडी आपल्या घड्याळावर चालत नाही. आमच्याकडे जूनमध्ये दिवस सव्वासातच्या आसपास मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहालाच. आभाळ भरून आलं असेल तर त्याही आधी त्या परतायला लागतात. दिव्याची वेळ तशी सरकवत न्यावी लागते.

दिवा लागल्यावर बाकीच्या थांबल्या, तांबडी तरीही जायचीच. तिला रोज उतरवणं एवढाच मार्ग होता. यासाठी पूर्ण अंधार पडू द्यायचा. बॅटरीला लाल कापड गुंडाळायचं, कारण पांढरा झोत तोंडावर पडला की कोंबडी बिचकते आणि अंधारात उडून कुठं तरी आपटते. हळू आवाजात बोलत जवळ जायचं, दोन्ही तळवे पंखांवरून घेऊन पंख अंगाला दाबून धरायचे आणि उचलायचं. पाय धरून उलटी लोंबकळत आणायची नाही. मग खुराड्यात तिला खाली जमिनीवर न सोडता दांडीवरच ठेवायचं, पाय पट्टीवर टेकवायचे, बोटांनी तिने पकड घेतली की हात सोडायचे. सकाळी तिला जाग येते ती तिथंच, बाकीच्यांच्या रांगेत. शेवग्याच्या खालच्या फांद्याही आम्ही छाटून घेतल्या, नाहीतरी शेवगा छाटल्यावर चांगला फुटतो. गोठ्याच्या वाशांखाली जुनी मासे पकडायची जाळी ताणून बांधली. वर जायची वाट बंद आणि रोज रात्रीचं उचलून ठेवणं, असं दोन्हीकडून झाल्यावर तांबडी हळूहळू वळली.

शेजारच्या तात्यांनी पंख कापायला सांगितलं होतं. एका पंखाची पुढची लांब पिसं कापली की उडताना तोल जातो आणि कोंबडी झाडावर पोचत नाही. दुखत नाही, फक्त नुकतं फुटलेलं, नळीत रक्त असलेलं पीस कापायचं नाही, त्यातून बरंच रक्त जातं. उपाय खरा आहे, पण मला तो नको होता. आमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात. कुत्रा किंवा मुंगूस अंगावर आलं तर उडून भिंतीवर जाणं एवढाच त्यांचा बचाव, तो कापून घ्यायचा कसा? ज्यांच्या कोंबड्या दिवसाही बंदिस्त आवारात असतात त्यांनी जरूर करावं.

पावसाळा बरा गेला. खाली भाताचं तूस पसरलं होतं, दांड्यांखाली जुना पत्रा ठेवून त्यावर राख टाकली होती. कोंबडीची निम्म्याच्या आसपास शीट रात्री बसल्या जागी पडते. तो पत्रा दिवसाआड काढून उकिरड्यावर झटकला की आत वास साचत नाही. पावसाच्या भीतीने खुराडं चारी बाजूंनी ताडपत्रीने बंद करायची मात्र चूक करू नये. शिटेचा उग्र वास आत कोंडला की डोळे चुरचुरतात आणि कोंबड्या दारातूनच माघारी फिरतात. आम्ही पावसाचा मारा येतो त्या पश्चिमेच्या बाजूला ताडपत्री बांधली आणि उलट्या बाजूला, दांडीच्या वर, वारा खेळायला पट्टा मोकळा ठेवला. गार वारा अंगावर थेट नको, पण डोक्यावरून हवा गेलीच पाहिजे.

दिवाळीनंतर मात्र सगळं बिघडलं. महिनोन् महिने मुकाट आत जाणाऱ्या कोंबड्या दाराशी येऊन थबकायला लागल्या. दिवा होता, दाणा होता, तरी आत गेलेल्याही बाहेर यायच्या. रात्री कानोसा घेतला तर आत सारखी पिसं फडफडवल्याचा आणि पाय आपटल्याचा आवाज. अंडी कमी झाली. दोघी-तिघींचे तुरे फिके दिसायला लागले. सगळ्यांना वाटलं रात्री जनावर येऊन जाळीभोवती फिरत असेल, म्हणून ह्यांनी भोवती राख पसरून पाऊल उमटतं का ते बघितलं. काही नाही.

आत्या म्हणाल्या, "दांडीखाली हात फिरीव." मी धोतराचा पांढरा तुकडा घेतला आणि रात्री बॅटरी लावून दांडीच्या खालच्या बाजूने, जिथं ती भिंतीच्या खाचेत बसते तिथं पुसला. कापडावर तांबड्या रेघा उमटल्या. ते कोंबडीचं रक्त होतं. बॅटरी खाचेशी नेली तर मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक, लाल-काळे किडे फटींतून बाहेर पडत होते. हे किडे दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतच नाहीत. दिवसभर लाकडाच्या फटीत बसतात, रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत फटीत जातात. त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी कळत नाही. कोंबडी एकाएकी खुराडं टाकायला लागली तर पहिल्यांदा हेच बघावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

त्यावर उपाय जीव तोडून केला. दांड्या उपसून अंगणात आणल्या, उकळतं पाणी ओतलं, उन्हात ठेवल्या. आतलं तूस आणि खोक्यांतला पेंढा जाळून टाकला. विटांच्या सांध्यांवरून गॅसच्या बर्नरची ज्योत फिरवली, पाचट आणि पत्रा आधी उतरवून आणि पाण्याची बादली शेजारी ठेवून. भिंतींना चुन्याची निवळी न देता दाट चुना दिला, फटी बुजतील असा. हे किडे कोंबडीशिवाय काही महिनेही तग धरतात आणि अंड्यांतून नवे आठ-दहा दिवसांत तयार होतात, म्हणून एकदा करून भागत नाही. आठवड्याच्या अंतराने पुन्हा पुन्हा केलं. कोंबड्यांना औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारूनच दिलं आणि तेवढे दिवस अंडी खाल्ली नाहीत, विकलीही नाहीत. शेतीची फवारणीची औषधं कोंबड्यांवर मारणारे लोक मी बघितले आहेत. कृपा करून तसं करू नका. ते अंड्यात उतरतं. आता परसात जुन्या टायरमध्ये चुलीची राख आणि माती कालवून ठेवते, कोंबड्या त्यात रोज अंग घोळून घेतात. दांड्यांची टोकं आता भिंतीच्या खाचेत नाहीत. लोखंडी आकड्यांवर ठेवल्या आहेत, म्हणजे केव्हाही उचलून खालून बघता येतात.

खुराडं स्वच्छ झाल्यावर कोंबड्या आपण होऊन परत आल्या, कुणालाही उचलून न्यावं लागलं नाही. तांबडी सगळ्यांच्या आधी आत असते आणि दाराकडची दांडीची कड तिची ठरलेली आहे.

बाहेर वाढलेल्या तलंगा आता आम्ही विकत आणत नाही. घरची खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसणारी कोंबडी बसली की कोल्हापूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणतो आणि रात्री अंधारात, तिच्याखालची अंडी काढून घेत, एकेक पिल्लू पंखाखाली सरकवतो. बहुतेक कोंबड्या सकाळी ती आपली म्हणून स्वीकारतात. तरी पहाटे समोर बसून बघावंच, एखादी टोचते. पिल्लं आईबरोबर खुराड्यात जायला शिकतात, सुरुवातीला तिच्याखाली तुसावर झोपतात आणि दीड-दोन महिन्यांची झाली की तिच्या मागोमाग दांडीवर चढायला बघतात. त्यांच्यासाठी खाली वीतभर उंचीवर एक बारीक दांडी तात्पुरती लावली आहे. यंदाच्या पिल्लांपैकी एकही शेवग्याकडे गेलेलं नाही. आणखी एक खुडूक बसवली आहे, पण यावेळी पिल्लं पाऊस ओसरल्यावर, गणपतीनंतर आणायची असं आत्यांचं म्हणणं आहे.